हुकाच्या कोपऱ्यातली गोलाई

लोरेडानाच्या कारखान्यात कुठलंही ड्रॉइंग आलं की ते आधी अर्मंड रोशलोच्या टेबलावर पडायचं. वस्तू कशी बनवायची हे अर्मंड ठरवणार, आणि तो ठरवेपर्यंत अकरा माणसं आणि सात मशिनं गप्प. मालकीण लोरेडाना असली तरी तीसुद्धा दारातून वाकून विचारायची, "झालं का रे?" आणि तो वर न बघता म्हणायचा, "घाई असेल तर बापाला बोलव तुझ्या." बाप जाऊन सहा वर्षं झाली होती. पण त्याच बापाने अर्मंडला सतराव्या वर्षी कामावर घेतलं होतं, आणि लोरेडाना त्याच्या डोळ्यांदेखत मशिनींच्या मधून रांगत मोठी झाली होती, तेव्हा हे बोलायचा हक्क त्याचा होता.

ओंटारियोतल्या विंडसरमध्ये साचे करणारे कारखाने पायलीचे पन्नास. हा त्यातला नव्हता. इथे नमुने व्हायचे. कुणाच्या तरी डोक्यात एखादी वस्तू येते, ती हजारांनी निघायच्या आधी दहा-वीस करून बघायच्या असतात, वाकवून, आपटून, तोडून. ते दहा-वीस इथे. आणि ते करायच्या तरी किती तऱ्हा! मशिनवर अख्ख्या ठोकळ्यातून कोरून काढा, प्रिंटरवर थरावर थर चढवा, सिलिकॉनच्या साच्यात ओता, पत्रा वाकवा, नाहीतर ॲल्युमिनियमचा कच्चा साचा करून त्यात खरं प्लास्टिक दाबा. दिसायला सगळे तुकडे सारखेच. नवख्याला वाटतं, मग जे स्वस्त ते करावं. इथेच माणसं मार खातात.

अर्मंडचा एक नेम होता आणि तो नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवायचा. "तुकड्याला आधी विचार, बाबा रे, तू कशाला आलायस? नुसतं तोंड दाखवायला आला असशील तर जा प्रिंटरवर. हातात धरून बघायचं असेल तर ओतून घेऊ. पण वजन पेलायला आला असशील, तर उद्या हजारांनी जसा होणार आहेस तसाच आज हो. नाहीतर नवरी म्हणून करवली दाखवल्यासारखं होतं."

असा हा माणूस. बाप मिठाच्या खाणीत, नदीच्या तळाखाली आयुष्यभर. हा मात्र उजेडात राहिला आणि बोटांनी जगला. डाव्या हाताच्या करंगळीचं पेर मशिनने नेलं, तरी त्याच हाताने तो कागदाच्या जाडीचा फरक सांगायचा. दुपारी बाराला डबे उघडले की पत्त्यांचा युकर. जोडीदारीण ठरलेली, मोजमापाच्या खोलीतली बेव्ह. बेव्ह जिंकली की टेबल ठोकायची आणि हरली की अर्मंडला शिव्या द्यायची. दोघांत तीस वर्षांत एकही गोड शब्द झाला नव्हता, आणि एकानेही दुसरा जोडीदार शोधला नव्हता.

हुकाचं ड्रॉइंग आलं ते नोव्हेंबरात.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उचलायचं एक यंत्र असतं. माणसाच्या अंगाखाली कापडी झोळी सरकवायची, झोळीचे चार पट्टे वरच्या दांडीच्या चार हुकांत अडकवायचे आणि बटण दाबायचं. माणूस अलगद वर. तळहाताएवढा तो हुक होता, कणखर नायलॉनचा. अर्मंडला हे यंत्र समजावून सांगायची गरज नव्हती. त्याच्या आईची शेवटची दोन वर्षं असल्याच झोळीत गेली होती आणि बटण दाबणारा तोच. "बटाट्याचं पोतं समजतोस काय मला?" म्हणून म्हातारी वरून फ्रेंचमधून करवादायची, आणि हा खालून म्हणायचा, "बटाटे एवढं बोलत नाहीत."

ड्रॉइंग करणारा, यंत्र बनवणाऱ्या कंपनीतला इंजिनिअर सरमद, तिशीच्या आतला, इराकहून आलेल्या घरातला पोरगा. वडीलधाऱ्या माणसाला नावाने हाक मारायला त्याची जीभ उचलत नसे, म्हणून तो अर्मंडला 'अम्मो', म्हणजे काका, म्हणायचा. अर्मंडला ते आवडायचं, पण तोंडावर तसं दाखवायचा नाही.

"अम्मो, वीस तुकडे पाहिजेत," तो फोनवर म्हणाला. "नऊ दिवसांत. लॅबची तारीख मिळालीय, ती गेली तर पुढची फेब्रुवारीत."

"कशाला पाहिजेत?"

"ताकदीच्या परीक्षेला."

अर्मंडने मनातल्या मनात हिशोब केला. ताकदीचं काम म्हणजे कच्चा साचा करायचा आणि त्यातून खरे हुक दाबायचे. त्याला पाच आठवडे. नऊ दिवसांत एकच रस्ता, नायलॉनच्या लादीतून मशिनवर कोरायचे.

"पाच आठवडे दे," तो म्हणाला.

"कुठून देऊ, अम्मो? वरून ओरडा चाललाय. तुम्हाला जमत नसेल तर मिशिगनमध्ये एक जण सात दिवस म्हणतोय."

'जमत नसेल तर.' तिथे ठिणगी पडली. अडतीस वर्षांत अर्मंडला हे वाक्य कुणी ऐकवलं नव्हतं. नदीपलीकडचा कोण टिकोजीराव सात म्हणतो? "सहा दिवसांत घेऊन जा," अर्मंड म्हणाला आणि फोन ठेवला. स्वतःचा नेम त्याने स्वतःच मोडला, आणि मोडताना छाती फुगवून मोडला. माणूस घसरतो तो चिखलात नाही, स्वतःच्या फरशीवर.

आता त्या कोपऱ्याचं सांगतो, कारण सगळं तिथेच आहे. हुकाची मान जिथे पाठीच्या पट्टीला मिळते तिथे आतल्या बाजूला एक कोपरा होता, ड्रॉइंगमध्ये अगदी काटकोनात. कोरणारं हत्यार असतं गोल. गोल हत्याराला आतला कोपरा काटकोनात कोरता येत नाही. तिथे हत्याराच्या अंगाएवढी गोलाई उरतेच. अर्मंडने पुन्हा फोन केला.

"कोपऱ्यात तीन मिलिमीटरची गोलाई राहील रे."

"चालेल, अम्मो. नमुन्याला चालेल."

कारखान्याची पद्धत अशी, की फोनवर असं 'चालेल' मिळालं की आपल्याकडच्या ड्रॉइंगवर पेन्सिलीने लिहून ठेवायचं, तारीख घालायची आणि कामाला लागायचं. गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगवर ते कधी चढत नाही. बापाच्या काळापासून हेच चालत आलं होतं आणि कधी काही बिघडलं नव्हतं. अर्मंडने लिहिलं, तारीख घातली. सहाव्या दिवशी वीस हुक गेले. काय हुक होते! बेव्हने मोजले आणि शिवी दिली नाही, एवढ्यावरून समजा.

लॅबमध्ये एकेका हुकाने तीनशे किलो पेलायचं होतं. अर्मंडचे हुक पाचशेवर तुटले. सरमदने आनंदाने एक मोठा पिझ्झा पाठवला, वर बारीक चिरलेला पेपरोनी आणि डब्यातले मश्रूम, विंडसरच्या माणसाला दुसरा चालत नाही. अकरा जणांनी उभ्याउभ्या खाल्ला. "सहा दिवसांत," अर्मंड दोनदा म्हणाला.

जानेवारीच्या शेवटी बेव्ह त्याच्या टेबलापाशी आली. मेक्सिकोत पक्का साचा झाला होता आणि पहिले साठ हुक मापं तपासायला आपल्याकडेच आले होते. तिने त्यातला एक त्याच्या हातात ठेवला.

"मापं चोख आहेत. तुझ्यापेक्षा चोख," ती म्हणाली. "पण नख फिरव."

अर्मंडने आतल्या कोपऱ्यात अंगठ्याचं नख फिरवलं. नख अडकलं.

साचा म्हणजे वस्तूचं उलटं. वस्तूचा आतला कोपरा म्हणजे साच्याची बाहेरची धार, आणि पोलादाला बाहेरची धार काही कष्ट न करता काटकोनात येते. त्यामुळे साच्यातला हुक ड्रॉइंगबरहुकूम निघाला, अगदी टोकदार कोपऱ्याचा. ड्रॉइंगप्रमाणे बघितलं तर चुकलेला हुक अर्मंडचा होता. आणि परीक्षा पास झाला होता तो चुकलेला.

त्याने हुक शिकंज्यात धरला, दुसऱ्या टोकाला साखळी लावली, मध्ये वजनकाटा अडकवला आणि साखळी ओढायला लागला. अडीचशेच्या आसपास जाईल असं त्याला वाटत होतं. दोनशे दहाला आवाज झाला. दुसरा एकशे पंच्याण्णवला. दोन्ही त्याच कोपऱ्यातून, पाव मोडावा तसे; गोलाईत ताण पसरतो, टोकदार कोपऱ्यात तो सगळा एका रेषेवर येतो.

"तिसरा?" बेव्हने विचारलं.

"कशाला? मला काय मोजता येत नाही?"

तिने तुटलेले तुकडे वेचून टेबलावर ओळीने मांडले.

सरमदला फोन केला तर तो अर्ध्या तासात हजर. तुटलेले तुकडे त्याने एकमेकांना जुळवून बघितले.

"गोलाई द्यायची," अर्मंड म्हणाला. "साच्याची धार घासून टाक. पोलाद काढायचंय, चढवायचं नाही. अर्ध्या दिवसाचं काम आहे. चांगला कारागीर असेल तर जेवायच्या आधी करून देईल."

"काम अर्ध्या दिवसाचंच आहे, अम्मो. पण साच्याला हात लावला की मंजुरी रद्द होते. फाइल पहिल्यापासून. चौदा आठवडे. आणि माल मार्चमध्ये द्यायचा करार झालाय."

"मग ह्या मालाची ताकद तपासा की पुन्हा."

"ताकद एकदाच तपासायची असते. नमुन्यावर. साच्यातल्या मालाची फक्त मापं."

"कुठल्या गाढवाने ठरवलं हे?"

सरमदने मान खाली घातली. "तुमचे नमुने साच्यातल्यासारखेच असणार, असं धरून ठरवलंय."

तेच तर अर्मंड जन्मभर लोकांना सांगत आला होता.

सरमदने प्रयत्न केला नाही असं म्हणणारा खोटं बोलेल. तो वरच्या साहेबांकडे गेला, दोन तुकडे टेबलावर ठेवले. साहेबांनी विचारलं, हे तोडले कुठे? कारखान्यात, साखळीने. काट्याच्या तपासणीचा दाखला आहे? नाही. मग हा पुरावा नव्हे. आणि हे बघ, चार हुक आहेत, माणूस जास्तीत जास्त दोनशे किलोचा, म्हणजे एकावर पन्नास. तुझा मोडका हुकसुद्धा चौपट पेलतोय. सरमदने संध्याकाळी फोनवर हे सगळं सांगितलं तेव्हा अर्मंड एवढा ओरडला की बाहेरची मशिनं थांबली.

"माणूस काय टेबल आहे का रे, चार पायांवर सारखं वजन टाकायला? पोटात कळ आली की तो एका अंगावर वळतो! पट्टा सरकला की झटका बसतो! विचार त्या तुझ्या साहेबाला, कधी कुणाला झोळीत घातलंय का? स्वतः तरी एकदा झोपून बघ म्हणावं!"

"अम्मो, माझ्यावर नका ओरडू. ड्रॉइंगवर माझं नाव आहे. उद्या काही झालं तर मला धरतील."

"तुला धरतील, आणि जो पडेल त्याला कोण धरेल?"

सरमदने फोन ठेवला. पुढच्या आठवड्यात कळलं की त्याला दुसऱ्या कामावर टाकलंय.

मग कंपनीकडून एक कागद आला. एकच पान. परीक्षा झालेले नमुने आणि विकायचा माल एकाच ड्रॉइंगप्रमाणे आहेत, असं नमुने करणाऱ्याने लिहून द्यायचं होतं. खाली सहीची जागा, पद्धत ठरवणाऱ्याची. म्हणजे अर्मंडची.

अर्मंडने पेन काढलं आणि ओळीच्या शेवटी लिहिलं, 'आतला कोपरा सोडून.' मग सही केली. दोन दिवसांत कागद परत. नव्या प्रतीवर नुसती सही करून पाठवा, वर काहीही लिहू नये.

लोरेडाना त्याच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसली. ती कधी बसत नसे.

"अर्मंड, सही कर."

"नाही."

"ड्रॉइंग एकच आहे की नाही?"

"ड्रॉइंग एकच आहे. हुक दोन आहेत."

"त्यांना ड्रॉइंगचं विचारायचंय, तेवढंच सांग ना! निम्मं काम त्यांच्याकडून येतं आपल्याकडे. ते गेले तर ह्या अकरातले सहा मी उन्हाळ्याआधी घरी पाठवणार. नावं सांगू? पहिलं बेव्हचं. तिला दुसरीकडे कोण घेणार ह्या वयात?"

"मला बेव्हच्या नावाने घाबरवू नकोस, पोरी."

"मी घाबरवत नाहीये, मी घाबरलेय!" ती एकदम किंचाळली. मग हळू आवाजात म्हणाली, "गोलाईला 'चालेल' म्हणाला होता ना सरमद? मग दाखव ना त्यांना."

अर्मंडने खणातून ड्रॉइंग काढून तिच्यासमोर ठेवलं. पेन्सिलीची ओळ, तारीख. कुणाची सही नाही, कुणाचा शिक्का नाही, त्याच्याच अक्षरात. तिने वाचलं आणि दोघांनाही एकाच वेळी उमगलं, की हे दाखवलं तर पुरावा होईल तो एकाच गोष्टीचा: अर्मंड रोशलोने ड्रॉइंग सोडून नमुने बनवले. बापाच्या काळापासूनची पद्धत!

"मी त्याला तेव्हाच पाच आठवडे मागितले होते," अर्मंड म्हणाला.

"मागितलेस. आणि मग सहा दिवसांत दिलेस."

बाई खोटं बोलत नव्हती. म्हणून तर ते जास्त लागलं.

"सही मी नाही करणार, लोरेडाना."

"ठीक आहे." तिने त्याच्याच टेबलावरचं पेन उचललं, पद्धत ठरवणाऱ्याच्या जागी स्वतःचं नाव घातलं, सही केली आणि उठली. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. तीन दिवस अर्मंड ज्या नकाराची ढाल घेऊन झोपत होता, त्या नकाराचं वजन एवढंच. कागदाला सही हवी होती, त्याची नव्हे. दारात थांबून ती म्हणाली, "ते नवं काम आलंय, पंपाचं झाकण. सोमवारपर्यंत पद्धत ठरवून दे." आणि त्याने मान हलवली. लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे, पण त्याने मान हलवली.

दुपारी युकरला तो बसला नाही. बेव्ह आली आणि उभ्यानेच म्हणाली, "ए म्हाताऱ्या, माझ्यासाठी म्हणून गप्प बसणार असशील तर आजपासून दुसरा जोडीदार बघ."

"बोलू कुणाशी? तू सांग. सरमदशी बोललो, मालकिणीशी बोललो, त्या साहेबाला तीन पत्रं टाकली. आता काय नदीला सांगू?"

"सरकारी कचेरी आहे ना. दवाखान्याच्या सामानाच्या तक्रारी घेतात."

मंगळवारी सकाळी त्याने रजा टाकली. दाढी केली, कोट घातला, चार हुक कागदी पिशवीत घेतले. दोन साच्यातले तुटलेले, दोन स्वतःचे. रांगेत पन्नास मिनिटं उभा राहिला. पुढे एक बाई चष्म्याच्या काचेसाठी भांडत होती, ती भांडून गेली.

खिडकीतली मुलगी समजूतदार होती. तिने हुक हातात घेतले. अर्मंडने सांगितलं तसं कोपऱ्यात नखही फिरवलं, आणि "हो की, अडकतंय," म्हणाली. तो भराभरा सांगायला लागला, गोल हत्यार, साच्याची धार, दोनशे दहा, एकशे पंच्याण्णव. तिने मध्ये न तोडता ऐकलं आणि टाइप करायला घेतलं. वस्तूचं नाव. बनवणाऱ्याचं नाव. तक्रार करणाऱ्याचं नाव.

"जखमी झालेल्या माणसाचं नाव?"

"अजून कोणी नाही."

"बरं, ते रिकामं चालतं. अपघाताची तारीख?"

"अपघात नाही झालेला. तो होऊ नये म्हणून तर आलोय."

तिने एक कळ दाबली. परत दाबली. मग पडदा त्याच्याकडे वळवला. तारखेचा चौकोन लाल झाला होता. "हे भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही, साहेब."

"आजची टाक."

"आज कोण पडलं?"

"कोणी नाही."

"मग मी खोटी तारीख कशी टाकू? माझी नोकरी जाईल."

"तुझ्या साहेबाला बोलव."

साहेब आला, बघितलं, त्यानेही तीच कळ दाबली. विकायला न आलेल्या वस्तूची तक्रार घ्यायला जागाच नाही, म्हणाला. मंजुरीबद्दल हरकत असेल तर ती घ्यायचा हक्क बनवणाऱ्या कंपनीला आणि तपासणाऱ्या लॅबला. "आपण त्यातले कोण?"

"नमुने मी केले," अर्मंड म्हणाला. "चुकीचे केले. चांगले केले म्हणून चुकीचे झाले." अडतीस वर्षांत हे वाक्य त्याने कुणापुढे म्हटलं नव्हतं. साहेबाने सहानुभूतीने मान डोलावली, घड्याळ बघितलं आणि आत गेला.

मागचा माणूस खोकला. अर्मंड पिशवीत हुक भरायला लागला. एक तुकडा काउंटरखाली पडला, तो मुलीने वाकून उचलून दिला. तिला खरंच वाईट वाटत होतं. काहीतरी दिलासा द्यावा म्हणून ती काचेच्या भोकाजवळ तोंड आणून म्हणाली, "काही झालं ना, तर लगेच या, हं. तेव्हा या रांगेत उभं नाही राहावं लागणार. अपघातवाल्यांना ती पलीकडची वेगळी खिडकी आहे."

अर्मंडने पलीकडे बघितलं. त्या खिडकीवर कोणीच नव्हतं. आतला माणूस हातावर हात ठेवून बसला होता. हुकांची पहिली खोकी येत्या सोमवारी निघणार होती.